फिटनेसचा कागद आणि दोन मजल्यांचा जिना

अब्बांच्या फाइलीत एक कागद अजून आहे. त्यावर इंग्रजीत एकच ओळ आहे. तिचा अर्थ असा की पेशंट ऑपरेशनसाठी आणि भुलीसाठी फिट आहे. खाली सही, शिक्का, तारीख. हा कागद ज्या दवाखान्यातून आणला तो एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता आणि त्या दिवशी लिफ्ट बंद होती. मी, माझा धाकटा भाऊ आणि खालच्या मेडिकलमधला एक पोरगा अशा तिघांनी अब्बांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. वर डॉक्टरांनी ईसीजी पाहिला, टूडी इको पाहिला, रक्ताचे रिपोर्ट चाळले, छातीला स्टेथो लावला आणि सही केली. पाच मिनिटांचं काम. मग आम्ही त्यांना त्याच खुर्चीत बसवून खाली आणलं.

ज्या माणसाला तिघांनी उचलून वर न्यावं लागलं त्याला 'फिट' म्हणून कागद मिळाला, ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आली नाही. उलट आम्ही खूश झालो. कागद मिळाला म्हणजे ऑपरेशनची तारीख मिळणार.

ऑपरेशन पायाच्या बायपासचं होतं. मांडीतली रक्ताची मोठी नस बंद पडली होती आणि डाव्या पायाचं बोट काळं पडायला लागलं होतं. दुसरी नस जोडून रक्ताला वाट करून द्यायची होती. ते काम उत्तम झालं. पाय गरम झाला, बोटांपर्यंत रक्त पोचलं. सर्जनने आम्हाला बाहेर येऊन सांगितलं तेव्हा अम्मीने तिथंच शुक्रान्याचे दोन रकात पढले. तिसऱ्या दिवशी अब्बांना धाप लागली, छातीत कफ साठला, न्यूमोनिया झाला, व्हेंटिलेटर लागला. अकराव्या दिवशी ते गेले. पाय शेवटपर्यंत गरम होता.

मी इथं कुणा डॉक्टरवर आरोप ठेवायला बसलेलो नाही. दवाखान्यांची नावं मी मुद्दाम लिहिलेली नाहीत. अब्बांच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक कुणी केली असेल तर ती आम्ही, घरच्यांनी केली, आणि तीही ऑपरेशनच्या दोन वर्षं आधीपासून.

आमचं गाव पाली. बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघालं की दहा-बारा किलोमीटरवर लागतं, बिंदुसरा धरणाच्या अंगाला. बाहेरच्या लोकांना ते 'इन्फंट इंडिया'च्या आनंदवनामुळे माहीत असतं. एचआयव्हीबाधित मुलांना घर देणारी ती संस्था. अब्बा शिलाईकाम करायचे. दिवसभर मशीनवर बसणं आणि बिडी, हे त्यांचं आयुष्य. साठीनंतर त्यांची पोटरी चालताना दुखायला लागली. शंभर पावलं चाललं की पोटरीत गोळा यायचा, थांबलं की जायचा. पुन्हा शंभर पावलं, पुन्हा गोळा. आम्ही काय केलं? "अब्बा, दुखतंय तर बसा ना." मशिदीत जायचं तर मोटारसायकलवर सोडायला लागलो. भाजी आणायला पोरांना पाठवायला लागलो. त्यांची खिदमत करतोय असं आम्हाला वाटत होतं. हळूहळू ते अंगणापलीकडे जाईनासे झाले, आणि अंगणात दुखत नसल्यामुळे दुखणं बरं झालं असं आम्ही धरून चाललो.

आता कळतं की असं चालताना येणारं आणि थांबलं की जाणारं दुखणं हे पायाची नस अरुंद झाल्याचं लक्षण असतं. आणि त्यावर जगभर मान्य असलेलं पहिलं औषध काय, तर बिडी-तंबाखू कायमची सोडणं आणि चालणं. दुखेपर्यंत चालायचं, थोडं थांबायचं, पुन्हा चालायचं. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा तरी, निदान तीन महिने, कुणाच्या तरी देखरेखीखाली. सोबत रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी. चालण्याने बंद नस उघडत नाही, पण आजूबाजूच्या बारीक वाहिन्या काम उचलतात आणि स्नायू आहे त्या रक्तात भागवायला शिकतो. २०१२ मध्ये अमेरिकेत 'क्लेव्हर' नावाच्या चाचणीचा निकाल आला. पोटाच्या खालच्या भागातली, पायाकडे जाणारी नस अरुंद झालेल्या पेशंटांपैकी काहींना स्टेंट घातला, काहींना देखरेखीखाली चालवलं. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर जास्त चालणारे निघाले ते चालवलेले पेशंट. आम्ही अब्बांना नेमकं उलटं औषध दिलं. प्रेमाने दिलं, एवढंच.

यात आमच्याकडच्या बिडीचा हिशेबही आहेच. वयाच्या तिशी-चाळिशीत, साखर नाही, बीपी नाही, तरी पायाची बोटं काळी पडलेली माणसं आपल्या भागात दिसतात. त्या रोगाला बर्गरचा रोग म्हणतात. १९०८ मध्ये लिओ बर्गर या डॉक्टरने त्याचं सविस्तर वर्णन केलं. तंबाखू सुटली नाही तर एक बोट, मग पाऊल, मग गुडघा अशी कापाकापी चालूच राहते. जुम्याच्या बयानात दारूवर तासभर बोललं जातं. बिडी मात्र मशिदीच्या दारातच पेटते.

असो. अब्बांना जाऊन चार वर्षं झाली आणि मामूंची गोष्ट सुरू झाली.

मामू एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर होऊन दहा वर्षं झालेली. लघवीच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी केली तर पोटातली मुख्य धमनी फुगलेली निघाली. ही धमनी साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे अंगठ्याएवढी. मामूंची ५.८ झाली होती. सायकलच्या ट्यूबला जसा एके ठिकाणी फुगा येतो तसा प्रकार. दुखत नाही, खुपत नाही आणि फुटला तर बहुतेक वेळा दवाखाना गाठेपर्यंत माणूस राहत नाही. आइन्स्टाइन १९५५ मध्ये याच फुग्याने गेले. पुरुषांमध्ये ५.५ सेंटिमीटरपर्यंत नुसतं लक्ष ठेवायचं आणि त्यापुढे गेलं की ऑपरेशनचा विचार करायचा, असा डॉक्टरांचा साधारण नियम आहे. इंग्लंडमध्ये पुरुषाला पासष्टाव्या वर्षी बोलावून ही सोनोग्राफी सरकारतर्फे केली जाते. आपल्याकडे ती अशीच, दुसरं काही शोधताना सापडते.

ऑपरेशनचे दोन प्रकार. एक पोट उघडून धमनीच्या जागी कृत्रिम नळी शिवायची. दुसरा जांघेतून तार सरकवून आत आवरण बसवायचं. दुसरा सोपा वाटतो, पण त्या आवरणाचाच खर्च लाखांत जातो आणि प्रत्येकाच्या धमनीत ते बसतंच असं नाही. मामूंच्या नशिबी पहिला आला. मोठ्या शहरातलं हॉस्पिटल ठरलं. मामींच्या पाटल्या गेल्या, एक तुकडा जमिनीचा गहाण पडला. तारीख मिळाली. पुन्हा तोच फिटनेसचा कागद आला, पुन्हा ईसीजी, पुन्हा इको. सगळं 'नॉर्मल'.

ऑपरेशनच्या आठ दिवस आधी भूल देणाऱ्या मॅडमनी मामूंना तपासायला बोलावलं. मी सोबत होतो. त्यांनी फाइल उघडलीच नाही. पहिला प्रश्न केला, "चाचा, दोन मजले जिना न थांबता चढता का?"

मामू लगेच म्हणाले, "हो तर. रोज चढतो."

आमचं घर बैठं आहे. गच्चीला लोखंडी शिडी आहे आणि तिच्यावर मामू दोन वर्षांत चढलेले नाहीत. मशिदीत ते मागच्या ओळीत खुर्चीवर नमाज पढतात. पण एसटीचा ड्रायव्हर, ज्याने मांजरसुंब्याचा घाट हजारो वेळा उतरवला, तो एका बाईसमोर "मला जिना चढवत नाही" असं कसं म्हणणार? मी गप्प बसलो. मामूंची इज्जत होती. मग अब्बांची ती प्लास्टिकची खुर्ची डोळ्यासमोर आली आणि मी म्हणालो, "मॅडम, नाही चढत."

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "चला, आपण दोघं चढू," म्हणाल्या आणि मामूंना घेऊन जिन्याकडे गेल्या. नवव्या पायरीला मामूंनी कठडा धरला. तेराव्या पायरीला बसले. मॅडम त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चाचा, ऑपरेशन म्हणजे असा जिना चार-पाच दिवस सलग चढणं. झोपून चढायचा, पण चढायचाच. तुम्ही तेराव्या पायरीला बसलात. तिथं बसता येत नाही."

त्यांनी मला जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. या ऑपरेशनमध्ये मुख्य धमनीला चिमटा लावून रक्त थांबवतात. हृदयाला तेवढा वेळ बंद तोटीवर पाणी ढकलावं तसं काम करावं लागतं. चिमटा काढला की उलटं होतं: बीपी धाडकन खाली येतं आणि पायांत अडकलेलं, आंबलेलं रक्त एकदम वर येतं. त्यानंतरचे काही दिवस शरीराला नेहमीच्या विश्रांतीपेक्षा सुमारे दीडपट ऑक्सिजन लागतो, कारण जखम भरायची असते. ईसीजी आणि इको झोपलेल्या माणसाचे काढतात. उभं इंजिन धक्क्यावर कसं आवाज करतं ते त्यात कळतं, घाटात काय होईल ते नाही. हे शेवटचं वाक्य मी मामूंसाठी बनवलं आणि त्यांना ते लगेच पटलं.

घाटात काय होईल हे मोजायची रीत आहे. पेशंटला सायकलवर बसवतात, तोंडाला मास्क लावतात, पेडल हळूहळू जड करत नेतात आणि श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजतात. एका टप्प्यावर स्नायूंना ऑक्सिजन पुरेनासा होतो आणि ते उधारीवर काम करू लागतात. तो टप्पा कुठं येतो हे महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर पॉल ओल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये साठीपुढच्या १८७ पेशंटांचा अभ्यास छापला. ज्यांचा टप्पा दर किलो वजनामागे मिनिटाला ११ मिलिलिटर ऑक्सिजनच्या आत येत होता, अशांपैकी मोठ्या ऑपरेशननंतर १८ टक्के दगावले. ज्यांचा त्याच्यावर होता त्यांच्यात हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होतं. पुढच्या अभ्यासांत हा फरक इतका ठळक दिसला नाही, पण मुद्दा टिकला.

ते यंत्र आपल्या तालुक्याच्या गावात येणार नाही. न येवो. जिना सगळीकडे आहे. सहा मिनिटांत माणूस सपाट रस्त्यावर किती मीटर चालतो हे मोजायला घड्याळ आणि दोन विजेचे खांब पुरतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९८९ मध्ये बारा प्रश्नांची एक यादी तयार झाली. घरात चालता का, एक जिना चढता का, झाडलोट करता का, जड सामान सरकवता का असे साधे प्रश्न. त्यात गोल्फ आणि टेनिससुद्धा आहे. पालीत ते विचारून उपयोग नाही. आपल्याकडे विचारावं, हापशावरून पाण्याची घागर घरी आणता का? तरावीहच्या वीस रकाती उभ्याने होतात का? सजद्यातून हात न टेकता उठता का?

आणि हे प्रश्न मोजूनमापून विचारावे लागतात, नुसत्या नजरेने भागत नाही. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक मोठा अभ्यास आला. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमधली २५ हॉस्पिटलं, १४०१ पेशंट. डॉक्टरांनी आधी आपल्या अंदाजाने सांगायचं की याची ताकद किती, मग सायकलवर मोजायचं. जे पेशंट खरोखर दोन मजल्यांच्या ताकदीचे नव्हते, त्यांच्यापैकी शंभरातले जेमतेम एकोणीस डॉक्टरांच्या अंदाजात सापडले. बाकी सगळे नजरेतून सुटले. त्या बारा प्रश्नांच्या यादीने मात्र पुढचा धोका त्यापेक्षा बरा सांगितला. तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलांत ही गत, तर ओपीडीत दोनशे लोकांची रांग असलेल्या डॉक्टरला पाच मिनिटांत काय दिसणार? आणि समोर मामूंसारखा "रोज चढतो" म्हणणारा.

मॅडमनी ऑपरेशन सहा आठवडे पुढे ढकललं. आमच्याकडे भूकंप झाला. मामींच्या भावाने फोनवर मला सुनावलं की तूच मध्ये बोललास म्हणून तारीख गेली. एकजण म्हणाले, दवाखान्याला जास्त पैसे हवे असतील. सगळ्यात मोठी भीती ही की चालला तर फुगा फुटेल. ही भीती रास्त आहे, म्हणून मॅडमना पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, बीपी ताब्यात ठेवायचं, वजन उचलायचं नाही, कुंथायचं नाही, धावायचं नाही. पण बोलता येईल इतक्या वेगाने चालायला हरकत नाही. पोटात किंवा पाठीत अचानक दुखलं तर एक मिनिट न घालवता दवाखाना. इंग्लंडमध्ये हल या शहरात अशाच फुग्याच्या १२४ पेशंटांवर चाचणी झाली, तिचा निकाल २०१६ मध्ये आला. निम्म्यांना ऑपरेशनआधी सहा आठवडे देखरेखीखाली व्यायाम दिला. ऑपरेशननंतर हृदय, फुफ्फुस किंवा मूत्रपिंडाचा त्रास व्यायाम केलेल्या ६२ पैकी १४ जणांना झाला, न केलेल्या ६२ पैकी २६ जणांना.

हा आकडा वाचून मी मॅडमचा भक्त झालो होतो. पण पुढे वाचलं तेव्हा पाय जमिनीवर आले. २०२१ मध्ये अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासून एक आढावा निघाला. चार चाचण्या, सगळे मिळून २३२ पेशंट. निष्कर्ष असा की पुरावा कमकुवत आहे, ठाम काही म्हणता येत नाही. म्हणजे 'चाला आणि वाचा' असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तो जास्त बोलतोय. तरीही माझं मत चालण्याच्या बाजूचं आहे. औषध महाग असतं, त्याचे दुष्परिणाम असते, तर मी पक्क्या पुराव्यासाठी थांबलो असतो. इथं डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत चालायचं आहे, बिडी सोडायची आहे, रक्तातलं लोह आणि साखर ठीक करायची आहे. ऑपरेशन झालं काय, न झालं काय, यातलं काहीच वाया जाणारं नाही.

सहा आठवडे कसे गेले ते लिहितो, कारण लोक नेमकं तेच विचारतात. पहाटे फजरनंतर आणि संध्याकाळी असरनंतर धरणाच्या रस्त्याला चालणं. पाच मिनिटं सावकाश, दोन मिनिटं जोरात, पुन्हा सावकाश. जोरात म्हणजे किती, तर बोलता यावं पण नात गाता येऊ नये. घरी खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठणं-बसणं, दिवसातून तीनदा. श्वास ओढून तीन गोळे वर उचलायचं ते प्लास्टिकचं यंत्र, जे मेडिकलमध्ये मिळतं. अंडी, डाळ, लोहाच्या गोळ्या. आठवड्यातून दोनदा बीपी. आणि बिडी बंद. बिडीचे पहिले दहा दिवस मामूंनी घरात कुणाला सुखाने जेवू दिलं नाही. मामींना वाटेल ते बोलले. एकदा तर धरणाच्या भिंतीमागे मला चुकवून ओढताना सापडले, तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. ते गप्प झाले आणि म्हणाले, "तेरे अब्बा को मैंच सिखाया था बिडी." त्यानंतर त्यांनी ओढली नाही.

गावात चेष्टा झालीच. "मामू, हजला चाललात का?" असं लोक विचारायचे. खरं तर त्या चेष्टेतच मला सगळ्यात मोठा मुद्दा सापडला. हजला जायचं ठरलं की आपण काय करतो? वैद्यकीय तपासणीचा दाखला घेतोच, पण तेवढ्यावर थांबत नाही. सहा-सहा महिने आधीपासून याच धरणाच्या रस्त्याला सकाळी हाजीसाहेबांची रांग लागते. तवाफचे सात फेरे आहेत, सफा-मरवाच्या सात खेपांचेच तीन किलोमीटर होतात, मिनाला चालायचं आहे, गर्दी आहे, ऊन आहे. शरीर आधी कमवावं लागतं हे आपल्या अनाडी म्हाताऱ्या आजीलाही ठाऊक असतं. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीकडे पायी निघणाऱ्या आमच्या लिंगायत शेजाऱ्यांनाही ठाऊक असतं. मग त्याच माणसाचं पोट चिरायचं असेल तेव्हा आपण त्याला पलंगावर का झोपवतो? "ऑपरेशन आहे, आराम करा" हे वाक्य आपल्या जिभेवर आपोआप येतं. ऑपरेशनआधीचा एकेक आठवडा झोपून काढला की मांड्यांची ताकद उतरते, आणि ऑपरेशननंतर नेमकी तीच लागते.

पण मी मोकळ्या माणसांबद्दल बोलतोय हेही मला कळतं. पेन्शनवाले मामू सहा आठवडे चालू शकले. ऊसतोडीला जाणाऱ्याला कोण सहा आठवडे देणार? मुकादमाची उचल अंगावर असते, एक दिवस खाडा झाला तर दंड. कुणी म्हणेल ते तर दिवसभर मोळ्या वाहतात, त्यांना व्यायामाची काय गरज. मोळी वाहून हाडं झिजतात, पोटात पुरेसं नसतं, रक्त कमी असतं. कष्ट आणि तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि आपल्या बीड जिल्ह्याला ऑपरेशनची घाई काय करते हे वेगळं सांगायला नको. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. तो विषय धमनीचा नाही, पण सवय तीच. दुखतंय? कापून टाका. आधी काही करून बघू, थोडं थांबू, ही वाटच पेशंटसमोर ठेवली जात नाही. महात्मा फुले योजनेचं पॅकेज ऑपरेशनचं असतं. त्याआधीच्या सहा आठवड्यांच्या चालण्याचं, फिजिओथेरपीचं, बिडी सोडवण्याचं नाही. ज्याचे पैसे मिळतात तेच होणार. सरकारने मोठ्या ऑपरेशनच्या पॅकेजात हे आठवडे धरावेत, आणि फिटनेसच्या कागदावर एक रकाना छापावा: पेशंट किती पायऱ्या चढला. अंदाजाने नाही, चढवून. याला खर्च शून्य आहे.

बायकांचं तर मी काय लिहू. मामी मला एकदा सहज म्हणाल्या, "तुझ्या मामूंना धरणाचा रस्ता आहे. मला डॉक्टरने चालायला सांगितलं तर कुठं चालू?" मला उत्तर सुचलं नाही.

एक इशारा द्यायलाच हवा, नाहीतर हा लेख वाचून कुणीतरी चुकीच्या पेशंटला चालवेल. फुगा दुखायला लागला असेल, फुटला असेल, तर एक तासही थांबायचं नाही. बोट काळं पडलं असेल, रात्री झोपेतही पाय ठणकत असेल, तर थांबायचं नाही. मानेच्या नसेमुळे अर्धांगवायूचा झटका येऊन गेला असेल आणि डॉक्टर ऑपरेशन सांगत असतील, तर ते दोन आठवड्यांच्या आत व्हावं लागतं. अब्बांची वेळ याच प्रकारची होती. बोट काळं पडल्यावर त्यांना सहा आठवडे देणं शक्य नव्हतं. त्यांना द्यायची होती ती त्याआधीची दोन वर्षं.

आणि कधी कधी उत्तर 'ऑपरेशन नको' असंही असतं. हे आपल्या लोकांना पचत नाही. ब्रिटनमध्ये पोट उघडण्याच्या ताकदीच्या नसलेल्या फुग्याच्या पेशंटांवर एक चाचणी झाली. अर्ध्यांना जांघेतून आवरण बसवलं, अर्ध्यांना नाही. २००५ आणि मग २०१० मध्ये निकाल आले. आवरण बसवलेल्यांपैकी फुग्याने कमी लोक मेले, पण एकूण आयुष्य काही वाढलं नाही. हृदयाने, फुफ्फुसाने, दुसऱ्या कशाने तरी ते गेलेच. अशा वेळी जमीन विकून ऑपरेशन न करणं म्हणजे बापाला वाऱ्यावर सोडणं नव्हे. पण ते डॉक्टरने समोर बसून सांगावं लागतं आणि मुलांनी शांतपणे ऐकावं लागतं. आपल्याकडे ज्याने जास्त पैसे लावले तो जास्त चांगला मुलगा.

मामूंचं सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी ते सहा मिनिटांत २६० मीटर चालले होते, शेवटच्या आठवड्यात ३४५. पुन्हा जिना चढवला तेव्हा एक मजला न थांबता गेले, दुसऱ्या मजल्याला एकदा थांबले. मॅडम म्हणाल्या, "चालेल." ऑपरेशन साडेपाच तास चाललं. दुसऱ्या दिवशी त्यांनाही कफ झाला, ताप आला. त्या रात्री मी आयसीयूच्या बाहेर बसून अब्बांचा अकरावा दिवस मोजत होतो. मामूंनी ते तीन गोळ्यांचं यंत्र मागून घेतलं. तिसऱ्या दिवशी नर्सने त्यांना उभं केलं, चौथ्या दिवशी वॉर्डात आणलं, दहाव्या दिवशी घरी. चालण्यामुळे वाचले का? मी तसं म्हणणार नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, आणि अब्बाही एकच होते.

मागच्या जुम्याला नमाज झाल्यावर मामू मशिदीच्या जिन्याशी उभे होते. शेजारच्या गल्लीतल्या एका चाचांची हर्नियाची तारीख ठरली आहे. मामू त्यांना म्हणत होते, "चल, ऊपर चढके दिखा." चाचा म्हणाले गुडघा दुखतो. मामूंनी त्यांचा हात धरला आणि दोघं चढायला लागले. मी खालून मोजत होतो. अकराव्या पायरीला चाचा थांबले, कठडा धरला. मामूंनी वरून मला हाक मारली, "अरे, वो भूलवाली मॅडम का नंबर है ना तेरे पास?"